उपासनेसाठी जुनी इमारत घ्यायची आहे: झोनिंग बोर्डापुढे जाण्याआधी काय करावे?

देवगिरी
नमस्कार. मध्य न्यू जर्सीतील एका लहान गावात आमचे उपासना मंडळ अनेक वर्षांपासून भरते. पूर्वी सभासदांच्या घरी आळीपाळीने भजन होत असे. घरे अपुरी पडू लागली तेव्हा एका शाळेचे सभागृह रविवारी सकाळी भाड्याने घेऊ लागलो, आणि आता शाळेच्या स्वतःच्या कार्यक्रमांमुळे तेही वारंवार मिळेनासे झाले आहे. गावात एक एकमजली जुनी ऑफिसची इमारत विक्रीला आहे. तिचे तोंड मोठ्या रस्त्याकडे आहे, मागची हद्द मात्र घरांच्या परसांना लागून आहे. तो भाग कार्यालयांसाठी ठरवलेला असल्यामुळे तिथे प्रार्थनास्थळ करायचे तर जागेच्या वापराचे अर्ज ऐकणाऱ्या झोनिंग बोर्डाकडून वापरबदलाची खास परवानगी, म्हणजे यूज व्हेरिअन्स, घ्यावी लागेल असे नगरपालिकेच्या कचेरीत सांगण्यात आले. एरवी रविवारी साठ-सत्तर माणसे येतात. गणेशोत्सव, रामनवमी आणि दत्तजयंतीला ही संख्या दुपटीच्या वर जाते.

माझे प्रश्न दोन. इमारत आधी विकत घेऊन मग अर्ज करावा, की आधी अर्ज करावा? आणि मागच्या घरांतून आत्ताच विरोधाचे सूर येत आहेत, तर सुनावणीपूर्वी त्या मंडळींशी आपणहून बोलावे, की सगळे वकिलामार्फतच होऊ द्यावे? आमच्यातील काही तरुणांचे म्हणणे असे आहे की या देशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा भक्कम आहे, बोर्डाने नाकारले तर सरळ दावा लावावा. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रानजाई
आधी विकत घेऊ नका. खरेदीच्या करारात "सर्व परवानग्या हाती आल्यावरच व्यवहार पूर्ण होईल" ही अट घालून घ्या आणि तिला पुरेशी मुदत ठेवा. देणग्यांचा पैसा रिकाम्या इमारतीत अडकला, तिचा कर आणि कर्जाचे हप्ते सुरू झाले, की मंडळात फूट पडते, हे मी पाहिले आहे.

नकाशेवाला
मी याच राज्यात वास्तुरचनेचे काम करतो आणि अशा अर्जांचे नकाशे काढले आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

न्यू जर्सीत १९७५ चा नगरपालिका भूवापर कायदा लागू आहे. त्यानुसार वापरबदलाच्या परवानगीला झोनिंग बोर्डाच्या सात मतांपैकी पाच अनुकूल मते लागतात. चार विरुद्ध तीन असे बहुमत मिळाले तरी अर्ज फेटाळला गेला असेच होते. तुमच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आतील प्रत्येक मालकाला सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, शिवाय ती जाहीरपणे प्रसिद्धही करावी लागते. मालकांची यादी नगरपालिकेकडूनच लेखी मागून घ्या. एकाची नोटीस राहून गेली तरी पुढे मिळालेली परवानगी त्याच कारणाने न्यायालयात अडचणीत येऊ शकते.

तुमच्या बाजूची गोष्ट ही की या राज्यातील न्यायालये प्रार्थनास्थळाला मुळातच लोकहिताचा वापर मानत आली आहेत. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसन केंद्रावरून झालेल्या सिका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अशा वापरांसाठी कसोटी घालून दिली. लोकहित किती मोठे आहे, शेजारावर कोणता ताण येईल, वाजवी अटी घालून तो किती कमी करता येईल आणि एवढे करूनही उरलेला ताण लोकहिताहून जड ठरतो का, हे बोर्डाने क्रमाने पाहायचे असते. तिसऱ्या पायरीवरच बहुतेक अर्ज तरतात किंवा बुडतात, आणि ती पायरी तुमच्या हातात आहे.

आता आपल्या लोकांना हमखास अडवणारी बाब. पार्किंगचे नियम बहुधा "तीन आसनांमागे एक गाडी" अशा भाषेत लिहिलेले असतात, कारण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बाकांची रांग असते. आपण सतरंजीवर बसतो, आपल्याकडे आसनेच नसतात. मग अधिकारी दालनाचे क्षेत्रफळ घेऊन भागाकार करतो. बांधकाम संहितेत नुसत्या खुर्च्या दाटीने मांडल्या तर माणशी ७ चौरस फूट धरतात आणि टेबल-खुर्च्या असतील तर १५. समजा तुमचे दालन २,१०० चौरस फुटांचे आहे. ७ ने भागले तर ३०० माणसे आणि १०० गाड्या होतात. १५ ने भागले तर १४० माणसे आणि ४७ गाड्या. शिवाय ३०० चा आकडा गाठला की संपूर्ण दालनाला आगीवर पाणी फवारणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक होते, आणि जुन्या इमारतीत तो खर्च कंबरडे मोडणारा असतो. म्हणून माणसांची कमाल मर्यादा तुम्ही स्वतःच अर्जात लिहून द्या, मांडणीचा नकाशा जोडा, आणि ती मर्यादा परवानगीची अट म्हणून स्वीकारण्याची तयारी ठेवा. मात्र ती पाळता येईल अशीच लिहा.

पारिजातक
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे घर एका मंदिराच्या मागे आहे. मंदिराचे नाव घेणार नाही. मी स्वतः तिथे दर्शनाला जाते आणि तिथल्या माणसांविषयी मला आदर आहे. परवानगी मागताना सांगितले गेले होते की गर्दी फक्त रविवारी सकाळी होईल. पुढे शनिवारी संध्याकाळी वर्ग सुरू झाले, लग्ने होऊ लागली, नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गाड्यांची दारे वाजत राहिली. सणाच्या दिवशी आमच्या गल्लीत दोन्ही कडांना गाड्या लागतात आणि माझ्या वृद्ध सासऱ्यांना डॉक्टरकडे न्यायचे तर आधी कुणाची तरी गाडी हलवायला सांगावे लागते. हे बोलले की "तुम्ही हिंदू असून विरोध करता?" असे विचारले जाते. मला देवाविषयी तक्रार नाही, दिलेल्या शब्दाविषयी आहे. देवगिरी, तुमच्या मागच्या घरांतील माणसे द्वेषाने बोलत आहेत असे आधीच धरून चालू नका.

समुद्रकाठ
पारिजातक यांचा अनुभव खरा आहे, पण पार्किंगचे कारण नेहमीच पार्किंगपुरते नसते, हेही नोंदवले पाहिजे. आमच्या जवळच्या बर्नार्ड्झ टाउनशिपमध्ये बास्किंग रिजच्या इस्लामिक सोसायटीने २०१२ मध्ये मशिदीसाठी अर्ज केला. संस्थेचे अध्यक्ष त्याच गावाचे माजी महापौर होते, तेव्हा हे लोक गावाला अनोळखी होते असे कुणी म्हणू शकणार नाही. १५० माणसांसाठी गावाच्या नियमाप्रमाणे, तीन माणसांमागे एक, अशा ५० गाड्यांची जागा पुरेशी होती. चर्च आणि सिनेगॉग यांना तोच नियम लावला जात होता. मशिदीकडे मात्र १०७ जागा मागितल्या गेल्या. त्या वाढवल्या की पाण्याचा निचरा बदलतो, तो बदलला की नकाशा बदलतो, आणि पुन्हा नवी सुनावणी लागते. अशा ३९ सुनावण्या झाल्या आणि अर्ज नाकारला गेला.

संस्था न्यायालयात गेली, पाठोपाठ केंद्राच्या न्याय विभागानेही गावावर दावा लावला. ३१ डिसेंबर २०१६ रोजी न्यायाधीश मायकल शिप यांनी पार्किंगच्या मुद्द्यावर संस्थेच्या बाजूने निकाल दिला. २०१७ च्या मे महिन्यात तडजोड झाली आणि ३२ लाख ५० हजार डॉलर देण्याचे ठरले. त्या काळात आपल्यातील किती जण त्या सभांना जाऊन बसले होते? आज आपल्याला त्याच नियमाचा आधार हवा आहे. मापदंड सर्वांना सारखा असावा असे वाटत असेल, तर शेजारच्या मशिदीच्या अर्जाच्या वेळीही ते आपण उभे राहून बोलले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

भीमाकाठ
सहमत. न्यू जर्सीतीलच ब्रिजवॉटर गावाचेही तेच. अल फलाह सेंटरने २०११ च्या सुरुवातीला जुन्या मेजवानीगृहाची मशीद करण्यासाठी अर्ज केला आणि दोन-तीन महिन्यांत गावाने नियमच बदलला: यापुढे प्रार्थनास्थळे ठरावीक मोठ्या रस्त्यांवरच. दावा झाला, २०१४ मध्ये तडजोड झाली ती ७७ लाख ५० हजार डॉलरची, आणि गावाने दुसरी जागा उपलब्ध करून दिली.

नकाशेवाला
भीमाकाठ यांनी सांगितलेल्या प्रसंगानंतर एक फरक पडला आहे, तो देवगिरींनी लक्षात ठेवावा. मे २०११ पासून या राज्यात अर्ज दाखल झाला त्या दिवशी जे नियम असतील तेच त्या अर्जाला लागतात. मागाहून केलेला बदल त्याच्या आड येत नाही, काही आरोग्य आणि सुरक्षेच्या बाबी वगळता. म्हणजे अर्ज लवकर आणि परिपूर्ण दाखल करण्यात मोठा लाभ आहे. अपुरा अर्ज दाखल झालेला धरला जात नाही.

कायद्याची_पाने
तरुणांच्या "दावा लावू" या म्हणण्याविषयी लिहितो. ज्या कायद्याचा ते उल्लेख करत आहेत तो सप्टेंबर २००० मधला धार्मिक भूवापराचा केंद्रीय कायदा. त्याची पार्श्वभूमी अशी: टेक्सासमधील बर्नी या गावी सेंट पीटर चर्चला जागा अपुरी पडत होती, वाढीव बांधकामाची परवानगी ऐतिहासिक परिसराच्या नियमाखाली नाकारली गेली, आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९९७ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की १९९३ चा धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापना कायदा राज्यांवर आणि गावांवर लादण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नाही. त्यानंतर काँग्रेसने अधिक मर्यादित असा हा नवा कायदा केला. सिनेटर हॅच आणि सिनेटर केनेडी, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, दोघांनी मिळून तो आणला होता.

हा कायदा मुख्यतः चार गोष्टी सांगतो. अत्यंत सबळ सार्वजनिक कारणाशिवाय उपासनेवर भारी बोजा टाकता येणार नाही. क्लब, सभागृह, लॉज (बंधुसंस्थांच्या बैठकीची जागा) यांसारख्या इतर जमावांपेक्षा धार्मिक जमावाला कमी लेखता येणार नाही. एका धर्माला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा असे करता येणार नाही. आणि संपूर्ण गावातून प्रार्थनास्थळे हद्दपार करता येणार नाहीत. यात "प्रार्थनास्थळाला पार्किंगचा नियम लागू नाही" असे कुठेही म्हटलेले नाही. २००३ मध्ये शिकागोतील काही चर्चनी या कायद्याखाली केलेला दावा सातव्या सर्किटच्या (विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने फेटाळला, कारण मोठ्या शहरात जागा शोधण्यात सर्वांनाच येणाऱ्या अडचणी आणि खर्च म्हणजे कायद्याच्या अर्थाने भारी बोजा नव्हे, असे न्यायालयाने ठरवले.

देवगिरी, तुमच्या भागाच्या नियमावलीत कोणकोणते वापर थेट मान्य आहेत हे शब्द न् शब्द वाचून काढा. तिथे लॉज, व्यायामशाळा किंवा सभागृह मान्य असेल आणि फक्त प्रार्थनास्थळाला खास परवानगी लागत असेल, तर तुमची बाजू बरीच बळकट आहे, आणि ही गोष्ट सुनावणीच्या पहिल्याच दिवशी तुमच्या वकिलाने नम्रपणे नोंदवून ठेवावी.

उंबरठा
वकिलाच्या एका पत्राने जे होते ते शेजाऱ्यांच्या चहाने होत नाही. मागच्या घरांशी बोलायला गेलात तर तुमचेच वाक्य सुनावणीत तुमच्याविरुद्ध वाचले जाईल. माझा स्पष्ट सल्ला आहे की बोलू नका.

सह्यकडा
उंबरठा यांच्याशी मी सहमत नाही, आणि कॅलिफोर्नियातील युबा सिटीचे उदाहरण देतो. तिथल्या गुरु नानक शीख सोसायटीने आधी निवासी भागातील १.८९ एकरांच्या जागेत ७५ माणसांपुरत्या गुरुद्वाऱ्यासाठी अर्ज केला. शेजाऱ्यांनी आवाज आणि वाहतुकीची तक्रार केली, अर्ज नामंजूर झाला. मग संस्थेने गावाबाहेर शेतीच्या भागात २८.७९ एकरांची जागा घेतली, घरांपासून अंतर ठेवले, अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या सर्व अटी मान्य केल्या. तरीही सटर काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने एकमताने नकार दिला. कारण दिले की शेतीच्या मध्येच असा वापर नको. वस्तीत गेले तर वस्तीला त्रास, शेतात गेले तर शेताला. २००६ मध्ये नवव्या सर्किटच्या न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यामागे एक महत्त्वाचे कारण हे होते की संस्थेने प्रत्येक टप्प्यावर अटी मान्य करण्याची तयारी दाखवली होती आणि तिची नोंद कागदावर होती. म्हणजे ज्यांना पुढे दावा लावावा लागेल असे वाटते, त्यांनी तर आधी अधिकच सौम्यपणे वागले पाहिजे.

थेम्सकाठ
इंग्लंडमधून लिहीत आहे. इथले नियोजनाचे कायदे वेगळे आहेत, तरी हर्टफर्डशरमधील भक्तिवेदान्त मॅनरची हकीकत तुमच्या उपयोगाची आहे. जॉर्ज हॅरिसन यांनी १९७३ मध्ये लेचमोर हीथ या चिमुकल्या खेड्यातील जुना वाडा इस्कॉनला घेऊन दिला. मंजूर वापर धर्मशिक्षणाच्या संस्थेचा होता, प्रत्यक्षात मात्र देशभरातून भाविक येऊ लागले, आणि जन्माष्टमीला खेड्याच्या अरुंद रस्त्यावरून हजारो माणसे जात. हर्ट्समिअर कौन्सिलने सार्वजनिक उपासना थांबवण्याचा आदेश काढला. अपिले झाली, ती फेटाळली गेली, १९९४ मध्ये लंडनमध्ये हिंदूंचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी १९९६ मध्ये मंत्री जॉन गमर यांनी परवानगी दिली, आणि वाद सुटला तो एका रस्त्याने: खेड्याला वळसा घालून थेट मोठ्या रस्त्यावरून मंदिराकडे नेणारा स्वतंत्र मार्ग बांधायचा असे ठरले. गावकऱ्यांना मंदिर नको होते असे म्हणणारे होतेच, पण अनेकांना आपल्या दारातून जाणारी वाहने नको होती, आणि ती गेल्यावर त्यांची तक्रार गेली. मोर्चाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. रस्त्याची योजना मात्र पहिल्या वर्षांतच पुढे आली असती तर दोन्ही बाजूंचा एवढा मनस्ताप वाचला असता असे मला वाटते.

मुठेकाठ
पुण्याहून वाचत आहे. आपल्याकडे हा विषय वेगळ्याच रूपात येतो. इथे वाद बहुधा रस्त्यावर, पदपथावर किंवा उद्यानात उभ्या राहिलेल्या बांधकामाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि जागांवर मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वारा यांच्या नावाने यापुढे अनधिकृत बांधकाम होता कामा नये, आणि जुन्या बांधकामांचा विचार राज्यांनी एकेक प्रकरण पाहून करावा. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या खासगी जागेत शांतपणे भजन करण्यासाठी इतके नकाशे आणि सुनावण्या लागतात हे वाचून आधी नवल वाटले. पण पारिजातक यांचे लिहिणे वाचल्यावर पटले की शेजाऱ्याला आधी विचारणे हीच योग्य रीत आहे, आणि ती आमच्याकडेही असती तर बरे झाले असते.

रानजाई
चर्चची रिकामी इमारत मिळते का तेही पाहा. न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये बाउन स्ट्रीटवरचे गणपतीचे देऊळ, ज्याची प्रतिष्ठापना १९७७ मध्ये झाली, ते रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या जागेवर उभे आहे. प्रार्थनास्थळाचा वापर तिथे आधीपासूनच मान्य असेल तर वापरबदलाचा मोठा अडथळाच उरत नाही.

समुद्रकाठ
याच बाउन स्ट्रीटला ज्यांचे नाव आहे त्या जॉन बाउन यांनी सतराव्या शतकात आपल्या घरात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना प्रार्थनेसाठी जमू दिले म्हणून त्यांना अटक होऊन हद्दपार करण्यात आले होते. त्याआधी १६५७ मध्ये फ्लशिंगच्या रहिवाशांनी, स्वतः क्वेकर नसताना, त्या पंथीयांवरील बंदीविरुद्ध गव्हर्नरकडे लेखी निवेदन दिले होते. वर मी मशिदीविषयी लिहिले त्यामागे हीच भावना आहे.

देवगिरी
सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळाची बैठक झाली आणि बरीच चर्चा या धाग्यावरच्या मुद्द्यांना धरून झाली. करारात परवानगीची अट घालायला विक्रेता तयार आहे. नियमावली वाचली, आमच्या भागात व्यायामशाळा आणि लॉज थेट मान्य आहेत, प्रार्थनास्थळ नाही, त्यामुळे कायद्याची_पाने यांचा मुद्दा वकिलांना कळवला आहे. दावा लावण्याची भाषा तूर्त थांबवली आहे.

मागच्या घरांकडे जायचे ठरले आहे, आणि उंबरठा यांची सूचना लक्षात घेऊन सोबत लेखी टिपण नेणार आहोत: उपासनेच्या वेळा, माणसांची मर्यादा, ध्वनिवर्धक बाहेर न लावणे, मागच्या हद्दीला झाडांची दाट रांग. तोंडी आश्वासन काहीच द्यायचे नाही, जे लिहिले आहे तेवढेच बोलायचे. नकाशेवाला यांना दोन शंका विचारतो: सणांच्या दिवशी १४० च्या मर्यादेत कसे बसावे, आणि स्वयंपाकघराचे काय करावे?

नकाशेवाला
सणासाठी दोन मार्ग आहेत, आणि मी दोन्ही एकत्र सुचवीन. मोठे उत्सव पूर्वीसारखेच शाळेच्या किंवा अन्य सभागृहात करा आणि तसे अर्जात स्पष्ट लिहा. मधल्या आकाराच्या दिवसांसाठी आरतीच्या दोन वेळा ठेवा, दोहोंमध्ये किमान तासाभराचे अंतर असू द्या, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या समोरासमोर येणार नाहीत. समोर बँक किंवा दुकान असेल आणि रविवारी बंद असेल, तर त्यांच्या पार्किंगच्या वापराचा लेखी करार करून तो अर्जाला जोडा. नुसता तोंडी होकार बोर्ड विचारात घेत नाही.

स्वयंपाकघरात फक्त घरून आणलेला प्रसाद गरम करणार असाल तर तसे लिहा. तळण आणि मोठा स्वयंपाक म्हटला की धूर बाहेर काढणारी व्यावसायिक यंत्रणा आणि तिची स्वतंत्र अग्निशमन व्यवस्था लागते. होमाचे नियोजन असेल तर अग्निशमन अधिकाऱ्याला आधीच भेटा. आणि चपलांची जागा नकाशात दाखवा. एका ठिकाणी तपासणीच्या दिवशी मागच्या बाहेर पडण्याच्या दारासमोर चपलांचा गुडघाभर ढीग होता, दार अर्धेच उघडत होते, आणि बाकी सर्व ठीक असूनही तेवढ्यावरून प्रमाणपत्र अडले. दारापासून दूर, भिंतीला लागून, लाकडी कप्पे करा.

पारिजातक
देवगिरी, टिपणात आणखी एक ओळ घाला: तक्रार असल्यास कोणाला फोन करायचा त्या माणसाचे नाव आणि क्रमांक, आणि सणाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मंडळाचे स्वयंसेवक उभे राहतील याची हमी. आमच्या मागच्या मंदिराने गेल्या वर्षी एवढे एकच केले आणि आमच्या गल्लीतील निम्मी कटुता गेली. त्या घरांशी बोलताना शेजारी म्हणून कुणी सोबत हवे असेल, आणि तुमचे गाव माझ्यापासून फार दूर नसेल, तर मी यायला तयार आहे. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

देवगिरी
निरोप मिळाला, ताई. पुढच्या शनिवारी सकाळी निघायचे आहे. टिपणाचा मसुदा आज रात्री तुम्हाला पाठवतो. तुमच्या दृष्टीने जिथे शब्द अपुरा किंवा अवाजवी वाटेल तिथे खूण करावी.